आई कुठे बघते आहे

९ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनवर मी ओरडायचं आणि तू सगळ्याला "हो हो" म्हणायचं, हे आता पुरे. मागच्या वेळी तब्येत विचारली तर तू म्हणालीस, दोन पाठव. त्या शिलाई मशिनींनी तुझ्या कानांची पार वाट लावली आहे. म्हणून पत्र लिहिते. निवांत वाच, आणि उत्तरात "सगळं ठीक" एवढंच लिहून पाकीट बंद करू नकोस.

बातमी चांगली आहे. माझं प्रदर्शन ठरलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात इथल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल मिळाला आहे. आमच्या सरांनी शब्द टाकला. हॉल म्हणजे एक लांबट खोली, एका बाजूला खिडक्या आणि भिंतींवर जुन्या खिळ्यांची भोकं. पण दारावर माझ्या नावाची पाटी लागेल. घरातली पहिली पदवी, आणि ती घेऊन पोरगी कागद कापत बसते, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. निदान आता कापलेले कागद भिंतीवर तरी लागतील.

काम काय आहे ते तुला नीट सांगते, कारण तुला कळेल. बाबांनी स्टुडिओ बंद केला तेव्हा मला एक खोकं दिलं होतं. लोकांनी हौसेने फोटो काढून घेतले आणि परत न्यायला आलेच नाहीत, असे सगळे फोटो. जोडपी आहेत, शाळेचे वर्ग आहेत, नोकरीच्या अर्जासाठी काढलेले गंभीर चेहरे आहेत, नव्या सायकलला टेकून उभा असलेला एक माणूस आहे. मी ते कापते आणि वेगळ्या तऱ्हेने जोडते. वर्गातल्या मुलांच्या खांद्यांवर अर्जवाल्यांचे चेहरे बसवले. एका जोडप्याला वेगळं करून मध्ये रिकामी खुर्ची ठेवली. टेबल म्हणजे दोन ट्रंकांवर आडवं टाकलेलं जुनं दार. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या पंपाच्या तालावर माझी कात्री चालते.

यातून काय म्हणायचं आहे ते सरांना मला नीट सांगता आलं नव्हतं. तुला सांगून बघते. फोटो आपण पूर्ण असल्याचा आव आणतो. सगळे जवळ उभे, सगळे हसरे. घरी गेल्यावर तीच माणसं तशी नसतात. कापलं की तो आव गळून पडतो. मला खरं काहीतरी करायचं आहे, आत्या. देखणं नसलं तरी चालेल.

आणि या सगळ्या कापाकापीच्या मधोमध मला एकच फोटो अख्खा लावायचा आहे. आईच्या मांडीवर मी, तो. आमचा दोघींचा तेवढा एकच. मी चार महिन्यांची असताना आई गेली, म्हणजे त्याच सुमाराचा असणार. तो फोटो मला लहानपणापासून छळतो, हे मी कुणाला बोललेले नाही. आई माझ्याकडे बघतच नाही. हातांनी मला इतकं घट्ट धरलं आहे आणि डोळे मात्र बाजूला, चौकटीच्या बाहेर. शाळेत असताना मी बाबांना विचारलं होतं, आई कुठे बघते आहे. खिडकीकडे, म्हणाले, आणि उठून गेले. त्या खिडकीत माझ्याहून बघण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. हसू नकोस. एवढी मोठी झाले तरी त्या फोटोसमोर उभी राहिले की मनात येतंच, हिला मी नको होते का.

मला त्याची मूळ निगेटिव्ह हवी आहे, मोठा करून घ्यायला. बाबा म्हणतात सापडत नाही. कुठल्या जमान्यातल्या गिऱ्हाइकाची निगेटिव्ह डोळे मिटून काढून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोची सापडत नाही. त्यांना माझं काम पसंत नाही, दुसरं काय. तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात.

तुझी,
खारूताई


१९ जानेवारी

खारूताई,

पत्र मिळालं. एकदा मी वाचलं आणि एकदा सूनबाईकडून मोठ्याने वाचून घेतलं, मधला भाग गाळून, म्हणजे घरात सगळ्यांना कळावं की आमच्या पोरीचं प्रदर्शन आहे. थोरल्याने विचारलं, तिकीट किती. मी म्हटलं, तुला फुकट, पण आंघोळ करून जायचं.

तुला दात आले तेव्हापासून हाताला लागेल तो कागद तू कुरतडायचीस. दादाचं वर्तमानपत्र, स्टुडिओची पाकिटं, काही सोडलं नाहीस. खारूताई नाव मी उगीच ठेवलं नाही. आता कात्रीने कुरतडतेस आणि वर लोक बघायला येणार. चांगलं आहे की.

तब्येत ठीक आहे. ठीक असेल तर दुसरं काय लिहू? थोडा खोकला आहे, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. काजं करायचं काम सोडलं, सुई हातात ठरत नाही. बाकी जेवते, झोपते, सुनेला बोलते.

तुझं काम मला कळलं की नाही ते सांगता येणार नाही, पण कागदावर कागद बसवणं म्हणजे काय ते कळतं. लग्नाआधी दादाच्या स्टुडिओत फोटोवरचे डाग भरायचं काम माझ्याकडेच होतं. दोनचार केसांचा ब्रश, काळा रंग पाण्यात अगदी फिकट केलेला. रेघ ओढायची नाही, रेघ लगेच दिसते. ठिपके द्यायचे, एकाशेजारी एक, धीराने. मस, व्रण, चष्म्याचे वळ, सगळं मी घालवलं. फोटोत पाहिलेला नवरा मुलगा प्रत्यक्ष दारात आला की पाहुणे दचकायचे. ते पाप माझं.

तुला माझे जुने दोन फोटो पाठवते. वाटेल तसे काप. नाक मात्र कुणाला देऊ नकोस, ज्याला देशील तो शिव्या घालेल.

त्या फोटोचं म्हणशील तर तो आहे तिथे राहू दे. जुने फोटो मोठे केले की बिघडतात. दादाला निगेटिव्हसाठी छळू नकोस, त्याच्याकडे नसेलच. आणि आईला मी नको होते असं पुन्हा लिहिलंस तर तिथे येऊन कान धरीन. डोळ्यांचं काय घेऊन बसलीस. हात बघ.

तुझी आत्या


६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू माझी बाजू घेशील असं वाटलं होतं. घेतली नाहीस, म्हणून मीच मार्ग काढला.

मागच्या रविवारी घरी गेले होते. दुपारी बाबा आडवे झाल्यावर फोटो भिंतीवरून काढला, चौकट मागून उघडली, फोटो वहीत घातला आणि रिकामी चौकट कपाटावर ठेवली. भिंतीवर त्या जागी फिकट चौकोन उरला. संध्याकाळी चहा पिताना बाबा त्या चौकोनासमोरच बसले होते. माझ्याशी गाडीच्या वेळेबद्दल बोलले. भाडं आहे का विचारलं. फोटोबद्दल चकार शब्द नाही. मी वाट बघत होते की ओरडतील, मग मलाही ओरडता येईल. ते कधीच ओरडत नाहीत. त्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीवर बुक्के मारणं.

इथे कॉपीच्या दुकानात मी तो फोटो मोठा करून घेतला. खूप प्रती काढल्या, फिक्या, गडद, आरशासारख्या उलट्या. बिघडला वगैरे काही नाही, उगाच घाबरवलंस. आणि मग मला ते सुचलं. अख्खा लावायचा विचार मी सोडून दिला आहे. मी आईची मान वळवणार आहे.

सांगते कसं. प्रत्येक प्रतीत आईचं डोकं हनुवटीच्या कडेने कापून घ्यायचं, थोडं फिरवायचं आणि परत चिकटवायचं. पहिल्या प्रतीत केसभर. दुसरीत आणखी जरा. अशी पूर्ण रांग लावायची, म्हणजे बघणारा भिंतीच्या कडेने चालत गेला की आई हळूहळू खिडकीकडून मान वळवते आणि शेवटच्या चित्रात माझ्याकडे बघते. पहिले प्रयत्न फसले. नुसती मान फिरवली तर डोळे छताला लागतात. मग डोळे वेगळे कापून बघितले, तर ती बाहुलीसारखी दिसायला लागली आणि मलाच भीती वाटली. तरी मी सोडणार नाही. सर म्हणाले, हे इतर सगळ्या कामाहून वेगळं आहे, यात तू काहीतरी मागते आहेस. बरोबर आहे त्यांचं. मी मागतेच आहे.

तू लिहिलंस, हात बघ. हात काय, मूल मांडीवर दिलं की कुणीही धरतं. नजर मात्र ज्याची त्याने द्यावी लागते.

तुझे फोटो छान आहेत. नाक कुणालाही दिलेलं नाही. खोकला डॉक्टरांना दाखवलास का?

तुझी,
खारूताई


११ फेब्रुवारी

आत्या,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे.

काल शेवटची, सगळ्यात मोठी प्रत कापायला घेतली. हनुवटीच्या खालून कात्री नेताना ती आपोआप वळत गेली. जणू मला वाट माहीत होती. मी थांबले आणि भिंग घेतलं. कात्री एका कडेवरून जात होती. मानेभोवती, कानामागून, केसांपर्यंत, आधीच कुणीतरी कापलेली कड. आणि त्या कडेवर ठिपके. एकाशेजारी एक, धीराने दिलेले. रेघ कुठेच नाही.

मग बाकीचंही दिसायला लागलं. आईच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आहे आणि मांडीवर, हातांवर, माझ्यावर उजवीकडून. चेहरा थोडा भरड आहे, म्हणजे तो दुसऱ्या लहान फोटोतून मोठा केलेला आहे. बाबांच्या टेबलावरचा त्यांच्या लग्नाचा फोटो मला आठवला. त्यात आई खिडकीकडेच बघते आहे. हीच मान, हेच डोळे.

आणि मी हात बघितले. तू सांगितलं होतंस म्हणून. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं आहे.

मी लहान असताना तू आलीस की मी तुझा तो अंगठा धरून झोपायचे. मला ते नख अंधारातसुद्धा ओळखू येतं.

लोकांचे फोटो खोटे म्हणून मी कापत सुटले होते, आणि त्यातला एकच खरा म्हणून मधोमध लावणार होते. मला फक्त एवढं लिही, आईने मला कधी मांडीवर घेतलं होतं का? नुसतं हो किंवा नाही.


२५ फेब्रुवारी

खारूताई,

अक्षर सूनबाईचं आहे. माझा हात थरथरतो आणि तुला वाचता आलं नसतं. मी सांगते तसं ती लिहिते आहे. मध्ये मध्ये ती डोळे पुसते, म्हणून शाई पसरली असेल. तिला म्हटलं, तू कशाला रडतेस, तुला लिहायला बसवलंय.

नाही. घेतलं नव्हतं.

तू फार लवकर जन्मलीस. तुला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, दवाखान्याच्या दुसऱ्या इमारतीत. तुझ्या आईला उठता येत नव्हतं. ती सारखी विचारायची, कशी आहे, कुणासारखी आहे. मी सांगायचे, खारीएवढी आहे आणि तुझ्यासारखीच हट्टी आहे. तिला ते पटायचं नाही, म्हणायची मला बघायचं आहे. मग दादाने डॉक्टरांच्या हातापाया पडून काचेतून तुझा फोटो काढला, तिला दाखवायला. तो धुवून, वाळवून आणायला स्टुडिओत गेला. परत आला तेव्हा ती गेली होती. मी होते तिच्याजवळ. दादा नव्हता. फोटो त्याच्या खिशात ओला होता. घाई केली होती ना, पूर्ण वाळूही दिला नव्हता. तो फोटो त्याने पुन्हा कुणाला दाखवला नाही. त्याला त्याबद्दल विचारू नकोस.

आई चार महिन्यांनी गेली, हे तुझ्यासाठी सांगितलेलं. त्या फोटोला जुळेल असं.

फोटोचं ऐक. तू चार-पाच वर्षांची असताना शेजारच्या घरी कुणाचे तरी फोटो बघून आलीस आणि विचारलंस, माझा आईबरोबरचा फोटो कुठे आहे. म्हणून तो केला. मी तुला मांडीवर घेतलेला एक फोटो होता, त्यावर तिचा चेहरा बसवला. तिचे फोटो मुळात होते किती? आम्ही सगळे समोर मांडून बसलो होतो. खाली बघणारा एकही मिळाला नाही. गावभरच्या लोकांचे डाग मी घालवले आणि स्वतःचं नख तेवढं राहून गेलं. आपल्या हाताकडे कोण बघतं.

तू याला खोटं म्हणशील. मला शाळा फारशी नाही, तुझ्याशी वाद घालता येणार नाही. फाटलेल्या जागी आपण ठिगळ लावतो तेव्हा कापड फाटलंच नव्हतं असं म्हणत नाही. अंगावर घालता यावं, एवढंच. ती असती तर तिने तुला खाली ठेवलंच नसतं, हे मी तुला माझ्या शपथेवर सांगते. मग ते दाखवलं तर काय चुकलं.

दादावर राग काढू नकोस. माझ्यावर काढ, मला ऐकू कमी येतं.

प्रदर्शनाला यायचं म्हणते आहे. थोरला गाडीने आणेल.

तुझी आत्या


४ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र खूपदा वाचलं. सूनबाईंना सांग, अक्षर सुरेख आहे आणि शाई कुठे पसरलेली नाही.

मी कुणावर रागावू ते मला कळत नाही. आईला मी उगाच वर्षानुवर्षं दोष दिला. ती मला टाळून खिडकीकडे बघत नव्हती, ती तिच्या लग्नाच्या दिवशी बघत होती. मी तेव्हा कुठेच नव्हते. तिची माफी मागायची तर कुठल्या फोटोपुढे मागू? बाबांना मात्र मी अजून फोन केलेला नाही. तू नको म्हणालीस तरी राग त्यांच्यावरच आहे. एवढ्या वर्षांत एकदा तरी मला जवळ बसवून सांगता आलं असतं. मी शिकले, पदवी घेतली, जगाला खरं काय ते दाखवायला निघाले, आणि माझ्याच घरातल्या भिंतीवरचं मला दिसलं नाही. आणि त्यांनी मला तसंच जाऊ दिलं.

मान वळवलेली सगळी चित्रं मी काढून ठेवली. तो फोटो प्रदर्शनात नसेल. मधला खिळा ठोकला आहे, तो राहू दे.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुझ्या चेहऱ्यावर तूच आईचा चेहरा बसवलास. ब्रश धरून कडेने ठिपके दिलेस, स्वतःला पुसलंस. हे करताना तुझ्या मनात काय होतं, हे मी विचारणार नाही. तू "सगळं ठीक" म्हणशील. एवढंच सांग, मूळ फोटोत, आईच्या चेहऱ्याखाली, तू कुठे बघत होतीस?

तू येशील तेव्हा हॉलमध्ये तुझ्यासाठी खुर्ची ठेवते. जिना आहे, पण मधल्या वळणावर बाकडं आहे, तिथे टेकता येईल. मी खाली घ्यायला येते. तुझा अंगठा धरून वर नेईन.

तुझी,
खारूताई


२३ मार्च

चि. बेटा,

मी तुला आजवर पत्र लिहिलेलं नाही. फोनवर हे जमणार नाही म्हणून लिहितो आहे. काही चुकलं तर समजून घे.

आत्याला शेवटचं पोचवायला तू आलीस आणि माझ्याशी न बोलता परत गेलीस. ते बरोबरच केलंस. ती एवढी आजारी आहे हे तिने मला जानेवारीत सांगितलं होतं. पोरीचं प्रदर्शन होईपर्यंत तिला कळवायचं नाही, असं वचन घेतलं होतं. मी ते पाळलं. हेही तुला नंतरच कळलं. माझं सगळं तुला नंतरच कळतं.

तुझं शेवटचं पत्र सूनबाईने तिला वाचून दाखवलं तेव्हा मी तिथे होतो. तू विचारलं होतंस, ती कुठे बघत होती. तिने ऐकलं. हसली. त्या दिवशी तिला फार बोलता येत नव्हतं. मला विचारशील तर मला आठवत नाही. मी कॅमेऱ्यामागे होतो, मी उजेड बघत होतो.

तिने तुला एक गोष्ट खरी सांगितली नाही. तिला वाटलं असेल, तुला त्रास होईल. पण यापुढे तुझ्यापासून काही ठेवायचं नाही असं मी ठरवलं आहे. तू शेजारच्या घरून येऊन आईबरोबरचा फोटो कुठे आहे असं विचारलंस, असं तिने लिहिलं होतं. तू तसं काही विचारलं नव्हतंस. तुला विचारायची गरजच नव्हती. तू तिलाच आई म्हणायचीस.

दवाखान्यातून तुला तिनेच घरी आणलं. तुझ्यासाठी तिने स्वतःचं लग्न पुढे ढकललं, पुन्हा ढकललं. शेवटी हे एक स्थळ आलं. त्यांच्या घरी आधीची दोन मुलं होती, तुला बरोबर नेता येणार नव्हतं आणि मीही तुला दिलं नसतं. ती जायच्या आधी तुला कळायला हवं होतं की जाते आहे ती आत्या आहे, आई नाही. आई सोडून गेली असं तुला वाटायला नको, हे तिचं म्हणणं. फोटोची कल्पनाही तिचीच. मी नको म्हणत होतो. मी चेहरा कापून दिला, बाकी तिने केलं. ब्रश मागून घेतला आणि दुपारभर बसली. मग फोटो भिंतीवर लावला आणि रोज तुला उचलून दाखवायची, ही आई, मी आत्या. तू काही दिवस ऐकलं नाहीस. मग ऐकलंस.

मूळ निगेटिव्ह तिनेच कापून टाकली. म्हणाली, ही पोरगी मोठी झाली की खोक्यांत हात घालेल. पण ज्या फोटोवर चेहरा चिकटवला तो माझ्याकडे होता. भिंतीवरचा होता तो याचाच पुन्हा फोटो काढून केलेला. हा मूळ. कपाटात मागे ठेवला होता. ती म्हणाली, तिच्याकडे दे, तिला काय करायचं ते करू दे. म्हणून पाठवतो आहे. पुठ्ठ्यात घातला आहे, वाकवू नकोस.

तुला तिला आई म्हटलेलं काही आठवतं का?

तब्येतीला जप. प्रदर्शन कसं झालं ते कळव. मला यायचं होतं. ये म्हणाली नाहीस म्हणून आलो नाही.

तुझा,
बाबा


२ एप्रिल

प्रिय बाबा,

पुठ्ठा पोचला. वाकला नव्हता.

आधी प्रदर्शनाचं सांगते. लोक बऱ्यापैकी आले. सायकलवाले काका खालून वर आले आणि त्या सायकलच्या फोटोसमोर उभे राहून म्हणाले, माणूस ठीक आहे, पण ब्रेक उलटा बसवलाय. मी कापून जोडताना हँडल उलटं चिकटवलं होतं, ते आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आत्या असती तर हसून हसून तिला खोकला लागला असता. तिची खुर्ची मी ठेवली होती. एकदा एक आजोबा दमून तिच्यावर बसले. मी त्यांना उठवलं नाही. मधल्या खिळ्यावर काही लावलं नाही. कुणी विचारलं की सांगायचे, अजून यायचं आहे.

ये म्हणाले नाही, ही माझी चूक. मला वाटलं होतं, तुम्ही कुणी न बोलावता याल. तुम्हाला वाटलं, मी बोलावीन. आपण दोघं असेच आहोत बहुतेक.

फोटो आला तेव्हा मी तो दोन दिवस पुठ्ठ्यातच ठेवला. मग टेबलावर घेतला. आईच्या हनुवटीखाली कागद थोडा सुटला होता. मी रोज हेच काम करते, बाबा. ओला टिपकागद ठेवायचा, थांबायचं, पातळ सुरी घालायची, चेहरा अलगद वर येतो. हात सवयीने पुढे गेला आणि मी मागे घेतला. हा आईचा चेहरा होता. तो काढायचा म्हणजे काय, असं मनात आलं. न काढला तर खाली आत्या तशीच मिटलेली राहणार होती, आणि तिने तर तुम्हाला सांगितलंच होतं, तिला काय करायचं ते करू दे. शेवटी मी टिपकागद ठेवला. खाली पंप चालू होता. मी खिडकी लावून घेतली.

चेहरा नीट निघाला, कुठे फाटला नाही. पण खाली आत्याचा चेहरा राहिलेला नाही. डिंकाने इतक्या वर्षांत खाऊन टाकला आहे. कपाळापासून गळ्यापर्यंत नुसता तपकिरी डाग. डोळे नाहीत, नाक नाही, ते तिचं नाक सुद्धा नाही. मी खूप रडले, हे तुम्हाला लिहायला हरकत नाही. मला वाटलं, तिने स्वतःला पुसलं ते इतकं पक्कं पुसलं.

नंतर डोळे पुसून पुन्हा भिंग घेतलं. डागाच्या वर, जिथे आईचे केस बसवले होते, तिथे तिने डिंक अगदी थोडा लावला असणार. तिथे आत्याचे केस शिल्लक आहेत. मधोमध भांग आहे, सरळ, मागे टाळूपर्यंत गेलेला. मी त्या भांगाकडे बराच वेळ बघत बसले. मग आरशासमोर जाऊन उभी राहिले. समोर बघितलं तर माझा भांग आरशात जेमतेम कपाळापाशी दिसतो. मान जरा कलती केली तरी तेवढाच. टाळूपर्यंतचा भांग दिसायला मान पूर्ण खाली घालावी लागते. इतकी खाली, की आरशातलं मलाच दिसेना.

तुम्ही विचारलंत, तिला आई म्हटलेलं आठवतं का. नाही आठवत. फार प्रयत्न केला. अंगठा तेवढा आठवतो.

आईचा चेहरा मी परत जागेवर ठेवला आहे. डिंक फक्त वरच्या कडेला, एक बारीक पट्टी. मिटला की आई आहे. उचलला की भांग. शनिवारी तो घेऊन घरी येते. भिंतीवरच्या चौकोनात दुसरं काही लावू नका. आणि स्टुडिओची किल्ली काढून ठेवा. आपला दोघांचा एकत्र फोटो एकही नाही, तुम्ही सदा कॅमेऱ्यामागे.

तुम्ही उजेड बघत होता, तुम्हाला आठवत नाही म्हणालात. म्हणून कळवते. ती खाली बघत होती, बाबा. माझ्याकडे.

तुमची,
खारूताई